'हमी'कडून 'लाभा'कडे : काम करण्याच्या वयातील नागरिकांसाठीच्या शासकीय साहाय्यावरील संसदीय चर्चेची चिकित्सा

प्रास्ताविक

बालके, वृद्ध आणि निराधार यांना शासनाने आधार द्यावा, याविषयी आपल्या सार्वजनिक जीवनात तत्त्वतः फारसा मतभेद नाही. मतभेद सुरू होतो तो धडधाकट माणसापाशी. ज्याचे हातपाय चालतात त्याला शासनाने काय द्यावे, आणि कोणत्या नात्याने द्यावे, हा कल्याणकारी राज्यापुढील सर्वांत अवघड प्रश्न होय. भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद ४१ मध्ये कामाचा हक्क आणि बेकारीच्या प्रसंगी सार्वजनिक साहाय्य या दोहोंचा उल्लेख आहे; परंतु त्यास राज्याच्या आर्थिक क्षमतेची मर्यादा घातलेली आहे. शिवाय मार्गदर्शक तत्त्वांसाठी न्यायालयात दाद मागता येत नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी या आक्षेपास उत्तर दिले होते. सत्तेवर येणाऱ्यांना या तत्त्वांच्या भंगाबद्दल न्यायालयात नसले, तरी निवडणुकीच्या वेळी मतदारांपुढे उत्तर द्यावेच लागेल, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता.

याचा अर्थ असा की, या हक्काचे खरे न्यायालय म्हणजे विधिमंडळ आणि संसद. म्हणूनच तेथील चर्चेची चिकित्सा अगत्याची ठरते. चर्चेअंती विधेयकात काय बदलले, ही अशा चर्चेची कसोटी होय. सभागृहातील वक्तृत्वाचे मूल्य त्यानंतरचे. ही भूमिका गृहीत धरून प्रस्तुत लेखात रोजगार हमीविषयक चर्चेचा विचार केला आहे.

'हमी' या शब्दाचे महाराष्ट्रातील मूळ

रोजगाराची कायदेशीर हमी ही महाराष्ट्राने देशाला दिलेली कल्पना आहे. विधानपरिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या पुढाकाराने तासगाव परिसरात झालेल्या प्रयोगानंतर १९७२ साली राज्याची रोजगार हमी योजना जाहीर झाली. त्याच काळातील भीषण दुष्काळात लक्षावधी माणसे खडी फोडण्याच्या आणि पाझर तलावांच्या कामांवर गेली. पुढे महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम, १९७७ संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला.

या अधिनियमाने शासन आणि मजूर यांच्यातील नाते बदलले. दुष्काळी कामावर माणूस शासनाच्या दयेने जात असे. आता तो अर्ज करून काम मागू लागला. काम न मिळाल्यास बेकारी भत्ता देण्याचे दायित्व शासनावर आले. हा भत्ता प्रारंभी दिवसाला किमान एक रुपया इतकाच होता, आणि खोट्या हजेरीपटांच्या तक्रारीही योजनेच्या वाट्याला आल्या, हे नाकारण्याचे कारण नाही. तथापि तत्त्व प्रस्थापित झाले होते. विशेष म्हणजे शासनाने पैशाची तरतूदही सांगितली होती. १९७५ च्या कायद्याने नोकरदार आणि व्यावसायिक यांच्यावर व्यवसाय कर बसविण्यात आला आणि त्यातून हमीसाठी निधी उभारण्यात आला. शहरातील पगारदाराने गावातील मजुराच्या कामाचा भार काही अंशी उचलावा, हा तो करार होता.

२००४-०५ : चर्चेने घडविलेला कायदा

राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी विधेयक डिसेंबर २००४ मध्ये लोकसभेत मांडले गेले, तेव्हा त्यातील हमी केवळ गरीब कुटुंबांपुरती मर्यादित होती. विधेयक ग्रामीण विकास विषयक स्थायी समितीकडे गेले. विरोधी पक्षाचे ज्येष्ठ नेते कल्याणसिंह हे या समितीचे अध्यक्ष होते. समितीत, सभागृहात आणि सभागृहाबाहेर आठ महिने मंथन झाले. ऑगस्ट २००५ मध्ये जो कायदा संमत झाला, त्यात गरिबीची अट उरली नव्हती. अंगमेहनतीचे अकुशल काम करण्यास तयार असलेल्या प्रौढ व्यक्तींच्या कोणत्याही ग्रामीण कुटुंबास वर्षाला शंभर दिवसांची हमी मिळाली.

हा बदल वरकरणी शाब्दिक वाटतो. प्रत्यक्षात त्यामुळे दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असण्या-नसण्याचा प्रश्नच निकालात निघाला. कामावर येण्याची तयारी हीच पात्रता ठरली. संसदीय चर्चा कशी असावी, याचा हा वस्तुपाठ मानावा लागेल.

२०१५ ते २०२५ : बदललेला सूर

२७ फेब्रुवारी २०१५ रोजी लोकसभेत पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी या योजनेचा उल्लेख काँग्रेसच्या अपयशाचे जिवंत स्मारक असा केला आणि म्हणूनच ती बंद करणार नसल्याचे सांगितले. या विधानावर टाळ्या आणि निषेध दोन्ही भरपूर झाले. पण त्यातील गृहीतकाची चिकित्सा मात्र झाली नाही. ते गृहीतक असे की, हमीची गरज उरणे म्हणजेच विकासाचे अपयश. वस्तुतः हमी ही केवळ आपत्काळाची सोय नसते. गावातील मजुरीचा किमान दर टिकवून धरणे, हेही तिचे कार्य असते. हाताशी दुसरे काम असेल तरच मजुराला पडेल त्या दराला नकार देता येतो.

डिसेंबर २०२५ मध्ये २००५ च्या कायद्याची जागा घेणारे 'विकसित भारत – गॅरंटी फॉर रोजगार अँड आजीविका मिशन (ग्रामीण)' हे विधेयक संसदेत आले. १६ डिसेंबरला ते लोकसभेत मांडले गेले, १८ डिसेंबरला तेथे संमत झाले आणि त्याच रात्री, मध्यरात्र उलटल्यावर, राज्यसभेनेही त्यास मान्यता दिली. विधेयक समितीकडे पाठवावे, ही विरोधकांची मागणी मान्य झाली नाही. शंभराऐवजी १२५ दिवस, टिकाऊ मालमत्तेवर भर आणि राज्यांचे उत्तरदायित्व, ही शासनाची बाजू होती आणि ती विचारार्ह आहे. परंतु अकुशल मजुरीचा संपूर्ण खर्च केंद्राने उचलण्याची जुनी पद्धत जाऊन बहुतांश राज्यांसाठी ६० : ४० अशी विभागणी आली. केंद्र जी रक्कम ठरवून देईल, तिच्यापलीकडील खर्चही राज्यावर आला. दिवस वाढले, मात्र मागणीनुसार निधी हे तत्त्व शिथिल झाले. इतक्या मूलभूत बदलावर समितीस्तरीय छाननी न होणे, ही संसदीय प्रक्रियेची उणीवच म्हणावी लागेल.

याच वर्षी ब्रिटनमध्ये घडलेला प्रसंग येथे तुलनेसाठी घेता येईल. १ जुलै २०२५ रोजी काम करण्याच्या वयातील व्यक्तींच्या साहाय्यात कपात सुचविणाऱ्या विधेयकावर हाउस ऑफ कॉमन्समध्ये चर्चा चालू होती. सत्तारूढ मजूर पक्षाच्याच सदस्यांच्या विरोधामुळे, चर्चा चालू असतानाच, अपंगत्वविषयक भत्त्याच्या पात्रतेचे कलम वगळण्याची घोषणा शासनाला करावी लागली. त्या विधेयकाच्या गुणदोषांत न शिरताही एवढे म्हणता येईल की, तेथे चर्चेला परिणाम होता.

हंगामाचा प्रश्न : जुन्नर-आंबेगावच्या संदर्भात

नव्या कायद्यातील एक तरतूद आपल्या परिसराच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. पेरणी व काढणीच्या मुख्य हंगामात वर्षातील एकूण ६० दिवस ही कामे बंद राहतील, आणि हा काळ राज्य शासनाने आगाऊ अधिसूचित करावयाचा आहे. शेतीला मजूर मिळावेत, हा त्यामागील हेतू होय. पण 'हंगाम' कोणाचा?

कल्याण-अहिल्यानगर रस्त्यावरील पिंपरी पेंढार आणि त्याच्या आसपासचा जुन्नर तालुक्याचा पूर्व भाग हा कांदा, टोमॅटो आणि उसाचा. आळेफाटा व ओतूरचा कांदा बाजार, नारायणगावचा टोमॅटो बाजार यांवर येथील अर्थव्यवहार चालतो. येथील अल्पभूधारक शेतकऱ्याची 'मजूर मिळत नाही' ही तक्रार खोटी नाही. कांद्याची काढणी चार दिवस लांबली, तर त्याचे वर्ष वाया जाऊ शकते. याउलट जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागात महादेव कोळी समाजाची वस्ती आहे. तेथील शेती प्रामुख्याने पावसावरील भाताची. भाताची झोडणी आटोपली की घरात काम उरत नाही आणि माणसे मजुरीसाठी पूर्वेकडे उतरतात. म्हणजे पूर्वेच्या शेतकऱ्याचा ऐन हंगाम तोच पश्चिमेच्या मजुराचा रिकामा काळ.

अशा स्थितीत कामबंदीचे ६० दिवस संपूर्ण तालुक्यासाठी पूर्वेच्या पिकांनुसार ठरले, तर पश्चिमेच्या मजुराला गावातच काम मागण्याचा हक्क नेमक्या गरजेच्या वेळी उरणार नाही. मग त्याच्यापुढे एकच मार्ग राहतो : खाली उतरणे आणि मिळेल तो दर पत्करणे. कायद्यानुसार वेगवेगळ्या क्षेत्रांसाठी वेगळा काळ अधिसूचित करता येतो, ही जमेची बाजू. तथापि ती सवलत वापरायची की नाही, हे राज्य प्रशासनावर सोपविलेले आहे. एकाच तालुक्यात दोन हंगाम नांदतात, हे वास्तव समितीपुढे साक्षीसाठी आलेल्या एखाद्या ग्रामरोजगार सेवकानेही सांगितले असते.

हक्कदार की लाभार्थी?

दरम्यान राज्याच्या राजकारणात दुसरा शब्द प्रबळ झाला आहे : 'लाभार्थी'. २०२४ मध्ये २१ ते ६५ वयोगटातील पात्र महिलांसाठी दरमहा १५०० रुपयांची 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना' आली. त्याच वर्षी सुशिक्षित तरुणांसाठी विद्यावेतनासह प्रशिक्षणाची योजना सुरू झाली. घरातील स्त्रीच्या विनामोल श्रमाचा विचार करता तिच्या स्वतःच्या खात्यात येणारी रक्कम तुच्छ लेखणे अन्यायाचे होईल. प्रश्न रकमेच्या स्वरूपाचा आहे. शासननिर्णयाने आलेला लाभ शासननिर्णयाने बदलता येतो. त्यासाठी सभागृहाची अनुमती लागत नाही. अधिनियमाने दिलेला हक्क काढून घ्यायचा असेल, तर निदान सभागृहात उभे राहून कारण सांगावे लागते. 'बहीण' या नात्यात माया आहे, परंतु दाद मागण्याचा अधिकार नाही.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, २००५ साली चर्चेने हमी व्यापक केली. २०२५ साली 'हमी' हा शब्द शीर्षकात राहिला, पण तिचा आर्थिक आधार पुरेशा चर्चेविना बदलला गेला. प्रस्तुत लेखकाचा आक्षेप त्या कायद्याच्या प्रत्येक कलमाला नाही. आक्षेप आहे तो घाईला.

शेवटी एक गोष्ट आपल्या व्यवसायबंधूंच्या निदर्शनास आणावीशी वाटते. आपल्या वेतनपत्रकात दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये व्यवसाय कर म्हणून कापले जातात. प्राध्यापक-कक्षात या कपातीचा उल्लेख होतो तो बहुधा कुरकुरीच्या स्वरात. परंतु रोजगार हमीच्या निमित्ताने झालेल्या त्या जुन्या कराराची ती खूण आहे. भाताची खाचरे रिकामी झाल्यावर डोंगर उतरणाऱ्या मजुराशी आपले नाते त्या एका रकान्यात नोंदलेले आहे. करार करणाऱ्या पक्षाला त्यातील अटी बदलताना प्रश्न विचारण्याचा अधिकार असतो. आपण तो वापरत नाही, आणि वर्गात राज्यघटनेचा चौथा भाग शिकविताना तो विद्यार्थ्यांनाही सांगत नाही, ही उणीव मात्र संसदेच्या माथी मारता येणार नाही.