चित्र, तसबीर आणि टिकल्या : एका शिळाछाप मुद्रिताची पाठचिकित्सा

मराठीत ‘चित्र’ आणि ‘तसबीर’ हे शब्द शेजारी नांदत असले तरी ते समानार्थी नाहीत. चित्र काढले जाते. तसबीर लावली जाते. अरबीतून फारसीच्या वाटेने आलेला हा दुसरा शब्द मुळात चित्राचाच वाचक. परंतु मराठी घरात आल्यावर त्याला चौकट, काच, खिळा आणि भिंत चिकटली. कलासमीक्षेने आजवर चित्राचा विचार पुष्कळ केला, तसबिरीचा क्वचितच. ह्या उपेक्षेतून कोणता प्रमाद संभवतो, ते एका उदाहरणाने पाहू.

पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी कुलुपे आणि पितळी तोट्या ह्यांच्या ढिगामागे प्रस्तुत लेखकास राजा रविवर्मा (१८४८–१९०६) ह्यांच्या ‘सरस्वती’चे एक मुद्रित मिळाले. विक्रेत्याने किंमत सांगितली ती सागवानी चौकटीची. आतल्या कागदाची नव्हे. खालच्या पट्टीवर रोमन लिपीत छापखान्याचे नाव व ‘कार्ला–लोणावळे’ असे स्थळ आहे. रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत काढलेला छापखाना १८९९ मध्ये लोणावळ्याजवळ मळवलीस हलविला गेला, आणि पुढे तो फ्रिट्झ श्लायखर ह्या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला. तेव्हा हे मुद्रित १८९९ पूर्वीचे नाही, एवढे ह्या पट्टीवरून म्हणता येते. भिंगाखाली रंगाचे ठिपके अनियमित, दाणेदार दिसतात. आधुनिक ऑफसेट छपाईतील ठिपक्यांच्या आखीव रांगा येथे नाहीत. म्हणजे हे शिळाछापच होय.

परंतु ह्या मुद्रितात आणखी काहीतरी आहे. देवीच्या साडीच्या काठावर कोणीतरी खरी जर शिवली आहे. गळ्यातील दागिन्यांवर टिकल्या आणि बारीक मणी बसविले आहेत. अशा सजविलेल्या तसबिरी त्या काळी दुर्मीळ नव्हत्या. विभागाच्या संग्रहात ही प्रत ठेवण्यापूर्वी हा ‘उपद्व्याप’ काढून मूळ मुद्रित मोकळे करावे, असे एका जाणत्या सहकाऱ्यांनी सुचविले. सूचना सद्हेतूची आहे. परंतु तिच्यामागील गृहीतक तपासणे आवश्यक आहे.

ते गृहीतक असे : तैलचित्र हे मूळ, मुद्रित ही त्याची उतरती प्रत, आणि टिकल्या ही त्या प्रतीची विकृती. ह्यातील पहिली पायरीच डळमळीत आहे. शिळाछपाईत प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र दगड लागतो. चित्रातील एका छटेचे अनेक रंगांत पृथक्करण करून ते दगडावर उतरविणारा कारागीर नक्कल करीत नाही. तो भाषांतर करतो. शिवाय काम संपल्यावर दगड घासून पुन्हा वापरण्याची प्रथा होती. म्हणजे मुद्रिताचे निकटचे ‘मूळ’ बहुधा नष्टच झालेले असते. उरतात त्या केवळ प्रती.

वाल्टर बेन्यामिन ह्यांनी १९३६ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात असे प्रतिपादिले, की यांत्रिक प्रतिनिर्मितीमुळे कलाकृतीचे तेजोवलय क्षीण होते आणि तिच्या पूजामूल्याची जागा प्रदर्शनमूल्य घेते. आपल्या तसबिरीपुढे हा सिद्धान्त अडखळतो. राजवाड्यातील तैलचित्र पाहण्याचे होते. त्याची छापील प्रत मात्र देव्हाऱ्यात गेली, तिला हळदकुंकू लागले. येथे प्रतिनिर्मितीने पूजामूल्य घटविले नाही, घडविले. आनंद कुमारस्वामी व भगिनी निवेदिता ह्यांनी रविवर्म्यांच्या कलेतील पाश्चात्त्य अनुकरणावर कठोर टीका केली. ती चित्रापुरती विचारार्ह आहे. परंतु तसबिरीचे घरात पुढे काय झाले, ह्याचे उत्तर तिच्यात मिळत नाही.

ह्या बाबतीत पाठचिकित्सेचा दाखला उपयुक्त ठरावा. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना उत्तरकालीन भर मुख्य संहितेतून वेगळी काढली. परंतु ती फेकून दिली नाही, तळटीपांत व परिशिष्टांत जतन केली. प्रक्षेप हाही परंपरेचा पुरावा असतो, ही त्यामागील दृष्टी. पोथीतील प्रक्षेप वेगळा काढूनही टिकविता येतो. कागदावर शिवलेली जर उसविली, तर उरतात फक्त सुईची छिद्रे.

अर्थात ह्या न्यायाचा अतिरेकही होऊ नये. ओलीचे डाग, कसरीने पाडलेली भोके ह्यांनाही ‘पाठ’ म्हणू लागलो, तर चिकित्सा संपून भावुकता उरेल. कसोटी सोपी आहे : ज्या खुणेमागे वाचनाचा हेतू दिसतो ती पाठभेद, जिच्यामागे तो नाही ती केवळ हानी. प्रस्तुत प्रतीत जर काठावरच आहे, मणी दागिन्यांवरच आहेत. मुख, वीणा आणि मयूर ह्यांना सुई कोठेही लागलेली नाही. कोठे थांबावे हे ज्या हाताला कळले, त्याने चित्र वाचलेले होते.

म्हणून कसरीचा बंदोबस्त करावा, नवी काच बसवावी आणि टिकल्या तशाच ठेवाव्यात, असे आमचे मत आहे. नोंदपत्रकात चित्रकार, छापखाना आणि सजावट अशा तीन कर्तृत्वांना तीन स्वतंत्र ओळी असाव्यात. तिसऱ्या ओळीपुढे नाव लिहिता येणार नाही. परंतु ती ओळच वगळणे म्हणजे ते काम कोणी केलेच नाही, असे म्हणण्यासारखे होईल.