रक्तपात आणि विलाप

जमैकात जन्मलेले कादंबरीकार मार्लन जेम्स यांची ‘ब्लॅक लेपर्ड, रेड वुल्फ’ ही अद्भुत कादंबरी २०१९ साली प्रसिद्ध झाली. लेखकास २०१५ चे बुकर पारितोषिक मिळालेले. ही कृतीही अमेरिकेच्या नॅशनल बुक अवॉर्डच्या अंतिम यादीपर्यंत पोहोचली. सामान्य वाचकांत मात्र दोन तट पडले. कित्येकांनी पुस्तक अर्ध्यावरच मिटले. त्यांचे आक्षेप दोन: हिंसा असह्य आहे, आणि कथेचा थांग लागत नाही.

आक्षेप निराधार नाहीत. वासावरून माणसांचा माग काढणारा ‘ट्रॅकर’ बंदिवासात आपली हकीकत सांगतो. ज्या मुलाच्या शोधाची ही कथा, तो मेला आहे, हे आरंभीच कळते. पुढे कथेतून कथा निघते आणि सांगणाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा की नाही, हेही उमगत नाही.

पण अशा गुंतागुंतीचे आपणांस नवल का वाटावे? सौती शौनकादिकांना महाभारत सांगतो, त्याच्या पोटात वैशंपायन जनमेजयाला सांगतो, आणि त्याच्याही पोटात संजय धृतराष्ट्राला. देवळाच्या सभामंडपात बसलेला श्रोता त्यात हरवत नाही, कारण कथा त्याच्या ओळखीची असते आणि अडले तर पुराणिकबुवा समोर असतात. जेम्स यांनी आफ्रिकेच्या मौखिक कथापरंपरेचा आधार घेतला आहे; तेथील भुते आणि राक्षस परक्या वाचकास अनोळखी, आणि उलगडून सांगणारा कोणी नाही. दुर्बोधतेचा निदान निम्मा दोष आपल्या अपरिचयाचा आहे.

हिंसेचा प्रश्न अधिक गंभीर. सौप्तिकपर्वात अश्वत्थामा निद्रिस्त द्रौपदीपुत्रांचा वध करतो. याहून क्रूर ते काय असावे? परंतु व्यासांनी लगेच पुढे स्त्रीपर्व ठेवले. रणभूमीवर गांधारीचा विलाप ऐकल्यावाचून श्रोत्याची सुटका नाही. रक्तपाताचे वर्णन सार्थ की निरर्थक, हे ठरविण्याची आमच्या मते हीच कसोटी: मेलेल्यासाठी कोणी रडते का?

या कसोटीला कादंबरी अर्धीच उतरते. अपशकुनी म्हणून टाकून दिलेल्या मुलांवर ट्रॅकरचा जीव जडतो. तेथे त्या दांडग्या पुरुषाचे अंतःकरण उघडे पडते आणि वाचकाचेही भरून येते. इतरत्र मात्र एका प्रेताचे दुःख होण्यापूर्वीच दुसरे पुढ्यात येते, आणि मन बधिर होते. वाचकांची तक्रार येथे खरी ठरते.

ट्रॅकरच्या तोंडी असलेला स्त्रीद्वेषही अनेकांना खुपला. २०२२ च्या दुसऱ्या खंडात तीच हकीकत सोगोलोन ही चेटकीण आपल्या बाजूने सांगते; म्हणजे पहिल्या निवेदकाचा शब्द हा लेखकाचा निवाडा नव्हे.

हे पुस्तक कोवळ्या वयाच्या हाती देऊ नये. प्रौढ वाचकाने ते अर्ध्यावर ठेवले, तर त्यास भित्रा म्हणू नये. शेवटास नेले, तर निर्दयही म्हणू नये. दोघांनीही त्या मुलांची आठवण ठेवली, म्हणजे वाचन वाया गेले नाही.