दस्तऐवज कोणाचा? कार्यालयीन सॉफ्टवेअरमधील पेटंट-विवाद आणि फाइल-स्वरूपांची चिकित्सा

प्रास्ताविक

महाविद्यालयीन अध्यापकाच्या कामाचा मोठा भाग आज कार्यालयीन सॉफ्टवेअरच्या आधारे पार पडतो. प्रश्नपत्रिका, शोधनिबंध, समित्यांचे अहवाल, विद्यार्थ्यांच्या गुणांची कोष्टके हे सारे आपण तयार करतो आणि ते आपले आहे असे गृहीत धरतो. हे गृहीतक कितपत टिकते, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी दोन संहिता विचारात घेतल्या आहेत. पहिली, अमेरिकेत १९९८ साली आयफोरआय या टोरांटो येथील छोट्या कंपनीला मिळालेले ५७८७४४९ क्रमांकाचे पेटंट. दुसरी, मायक्रोसॉफ्टच्या 'डॉक्स' फाइलचे स्वरूप वर्णन करणारे आयएसओ/आयईसी २९५०० हे आंतरराष्ट्रीय मानक. मराठीच्या अध्यापकाने अशा संहितांच्या वाटेला का जावे, असा प्रश्न सहकाऱ्यांनी विचारला आहे. आपले सर्व लेखन ज्या भांड्यात ठेवले जाते, त्या भांड्याचे नियम या दोन संहितांनी बऱ्याच अंशी ठरविले आहेत, हे त्याचे उत्तर.

आशय आणि रचना यांच्या विभक्तीचे पेटंट

आशय आणि घाट यांच्या परस्परसंबंधाची चर्चा मराठी समीक्षेला नवी नाही. मात्र त्या दोहोंना वेगळे करण्याच्या एका पद्धतीवर कोणी मालकी सांगू शकेल, ही कल्पना आपल्या समीक्षेला कधी शिवली नसावी. जून १९९४ मध्ये दाखल झालेल्या या पेटंट-अर्जाचा विषय नेमका तोच आहे. दस्तऐवजाचा आशय आणि त्याची रचना यांवर स्वतंत्रपणे काम करण्याची पद्धत त्यात मांडली आहे.

तत्पूर्वीची रूढ पद्धत अशी होती की मजकुराच्या ओघातच खुणा घातल्या जात. खातेदाराचे नाव जेथे सुरू होते तेथे एक खूण, जेथे संपते तेथे दुसरी. आयफोरआयच्या पद्धतीत मजकूर कोरा ठेवला जातो आणि खुणांची यादी वेगळ्या जागी राहते. अमुक क्रमांकाच्या अक्षरापासून नाव सुरू होते, तमुक क्रमांकाच्या अक्षराशी संपते, अशी ती यादी असते. त्यामुळे एकाच मजकुरावर दोन वेगळ्या रचना बसविता येतात आणि मूळ मजकुराला हात लावावा लागत नाही.

प्राचीन ग्रंथांच्या चिकित्सक आवृत्त्या हाताळणाऱ्यास ही कल्पना ओळखीची वाटेल. संपादक मूळ ओवीत पाठभेद कोंबत नाही. ओवीचा क्रमांक देऊन ते तळाशी किंवा शेवटी नोंदवितो. अर्थात, कागदावरील संपादनपद्धती आणि संगणकावरील कार्यपद्धती यांत कायद्याच्या दृष्टीने अंतर आहे आणि पाठभेदांच्या सूचीमुळे हे पेटंट रद्द ठरले असते असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. तरीही दाव्याची व्याप्ती पाहता पेटंट-परीक्षकाने विचारात घेतलेला पूर्वज्ञानाचा परीघ अरुंद होता, असे माझे मत आहे.

खटला आणि हरवलेली संहिता

'वर्ड २००३' मध्ये मायक्रोसॉफ्टने वापरकर्त्याला स्वतःच्या एक्सएमएल खुणा मजकुरात घालण्याची सोय दिली. पुढे 'वर्ड २००७' मध्येही ती राहिली. औषध कंपन्या, शासकीय कार्यालये, कायदेविषयक प्रकाशने यांना ती उपयोगाची होती. आयफोरआयचा व्यवसायही याच क्षेत्रात होता. मार्च २००७ मध्ये आयफोरआयने टेक्सासच्या पूर्व जिल्ह्यातील संघीय न्यायालयात दावा दाखल केला. मे २००९ मध्ये ज्यूरीने २० कोटी डॉलरची भरपाई मंजूर केली. ११ ऑगस्ट २००९ रोजी न्यायाधीश लेनर्ड डेव्हिस यांनी हेतुपुरस्सर उल्लंघनाबद्दल ४ कोटी डॉलर व त्यावर व्याज वाढविले, आणि अशा खुणा असलेल्या फाइली उघडू शकणाऱ्या 'वर्ड'च्या विक्रीस अमेरिकेत मनाई केली.

भरपाईचा हिशेब लक्षणीय आहे. वादीच्या तज्ज्ञाने प्रत्येक उल्लंघनकारी प्रतीमागे ९८ डॉलर हे 'वाजवी' स्वामित्वशुल्क धरले होते. 'वर्ड'ची प्रत किरकोळ बाजारात यापेक्षाही थोड्या कमी किमतीला मिळू शकत होती, याकडे प्रतिवादीने लक्ष वेधले. म्हणजे वस्तूतील एका क्वचित वापरल्या जाणाऱ्या सोयीचे मोल वस्तूच्या किमतीएवढे ठरले. अपिलीय न्यायालयाने डिसेंबर २००९ मध्ये निकाल कायम केला. भरपाईच्या रकमेची पुराव्याच्या आधारे छाननी करण्यास मात्र त्याने असमर्थता दर्शविली, कारण मायक्रोसॉफ्टने तसा अर्ज निकालापूर्वी, योग्य वेळी केला नव्हता. कोट्यवधींचा प्रश्न एका प्रक्रियात्मक चुकीवर निकालात निघाला!

या प्रकरणातील सर्वांत बोलका भाग सर्वोच्च न्यायालयात पुढे आला. मायक्रोसॉफ्टचे म्हणणे होते की आयफोरआयने 'एसफोर' नावाची प्रणाली पेटंट-अर्जाच्या एक वर्षाहून अधिक काळ आधी अमेरिकेत विकली होती आणि तीत हीच पद्धत होती. हे सिद्ध झाले असते, तर पेटंट रद्द ठरले असते. 'एसफोर' विकली गेली होती याविषयी वादच नव्हता; तीत ही पद्धत होती का, एवढाच प्रश्न होता. परंतु तिची मूळ आज्ञासंहिता, म्हणजे सोर्स कोड, खटला उभा राहण्याच्या कितीतरी वर्षे आधीच नष्ट करण्यात आली होती. उरल्या त्या साक्षी आणि आठवणी. ९ जून २०११ रोजी न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांनी लिहिलेल्या एकमताच्या निर्णयात न्यायालयाने सांगितले की पेटंट वैध मानूनच चालावे लागेल आणि ते अवैध ठरविण्यासाठी 'स्पष्ट व खात्रीलायक' पुरावा हवा. नेहमीच्या दिवाणी दाव्यातील संभाव्यतेची कसोटी पुरेशी नाही. परीक्षकापुढे जो पुरावा आलाच नव्हता त्यालाही हीच कसोटी लागू राहील, फार तर अशा पुराव्याला ज्यूरी अधिक वजन देऊ शकेल.

कायद्याच्या शब्दार्थाने हा निर्णय सुसंगत आहे. तो पटत नाही तो दुसऱ्या कारणासाठी. सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात जुन्या संहिता जपण्याची परंपरा नाही. हस्तलिखित वाळवीने खाल्ले तर निदान त्याची प्रत कोठे तरी सापडण्याची आशा असते. आज्ञासंहिता पुसली गेली की बहुधा कायमची पुसली जाते. ज्या क्षेत्रात पूर्वपुरावा इतका नाशवंत, तेथे पुराव्याची उंच कसोटी पेटंटधारकाच्याच पारड्यात पडते. येथे पेटंटधारक लहान व प्रतिवादी बलाढ्य होता म्हणून अनेकांना हा निकाल न्याय्य वाटला. उलट परिस्थितीतही हीच कसोटी लागू होईल, याचे भान त्या समाधानात नव्हते.

दोन यंत्रे, एक फाइल

११ जानेवारी २०१० पासून मनाई हुकूम अमलात आला. तत्पूर्वी विकलेल्या प्रतींना तो लागू नव्हता, ही न्यायालयाने वापरकर्त्यांसाठी ठेवलेली सवलत होती. मायक्रोसॉफ्टने त्या तारखेनंतरच्या प्रतींतून ही सोय काढून टाकली; 'वर्ड २०१०' मध्ये ती नव्हतीच. अशा प्रतीत जुनी फाइल उघडली की मजकूर राहतो, पण वापरकर्त्याने घातलेल्या खुणा गळून पडतात. परिणामी तोच दस्तऐवज एका यंत्रावर संपूर्ण आणि शेजारच्या यंत्रावर अपुरा, अशी स्थिती निर्माण झाली. आशय आणि रचना वेगळ्या करण्याच्या पेटंटावरून झालेल्या भांडणात अखेर रचना नाहीशी झाली आणि आशय तेवढा उरला.

या खटल्यात वादी होता, प्रतिवादी होता, तज्ज्ञ होते. फाइल लिहिणारा कोठेच नव्हता. त्याने कोणाचे पेटंट मोडले नव्हते, सॉफ्टवेअरची किंमत चुकती केली होती, आणि तरीही बदल झाला तो त्याच्या लेखनात. असे हे एकच प्रकरण नव्हे. ग्वाटेमालाचे संशोधक कार्लोस आर्मांडो अमादो यांच्या, एक्सेल व अ‍ॅक्सेस यांच्या जोडणीविषयीच्या दाव्यात २००५ साली ज्यूरीने ८९ लाख डॉलर मंजूर केले, आणि पुढील वर्षाच्या आरंभी मायक्रोसॉफ्टने ग्राहकांना आपल्या प्रती बदलून घेण्याची सूचना केली.

मानक : वर्णन की वंशावळ?

पेटंटच्या या तापावर खुले मानक हा उतारा आहे, असे सांगितले जाते. तेव्हा दुसऱ्या संहितेकडे वळू. कार्यालयीन दस्तऐवजांसाठी ओडीएफ हे मानक मे २००५ मध्ये ओएसिस संस्थेने व २००६ मध्ये आयएसओने स्वीकारले. मायक्रोसॉफ्टने आपले ओओएक्सएमएल हे स्वरूप डिसेंबर २००६ मध्ये एक्मा संस्थेकडून मंजूर करून घेतले आणि ते आयएसओकडे जलद मार्गाने पाठविले. हा मसुदा सहा हजारांहून अधिक पृष्ठांचा होता. सप्टेंबर २००७ च्या मतदानात तो पुरेशी मते मिळवू शकला नाही. साडेतीन हजारांवर हरकती आल्या. फेब्रुवारी २००८ मध्ये जिनिव्हा येथे पाच दिवसांच्या बैठकीत त्यांचा निकाल लावायचा होता. चर्चा थोड्यांवरच होऊ शकली आणि बहुतेक उत्तरे एकगठ्ठा मतदानाने मार्गी लावली गेली. त्यानंतर मानक मंजूर झाले. भारतीय मानक ब्यूरोने दोन्ही वेळा विरोधी मत दिले; दक्षिण आफ्रिका, ब्राझील व व्हेनेझुएला यांच्यासह भारताने अपीलही केले, ते फेटाळले गेले.

या संहितेचे वाचन करताना लक्षात येते की तिचा बराचसा भाग नियम सांगत नाही, एका विशिष्ट प्रणालीचा इतिहास नोंदवितो. आरंभीच्या मसुद्यात 'वर्ड ९५ प्रमाणे अंतर सोडावे' अशा अर्थाचा घटक होता. पण 'वर्ड ९५' कसे अंतर सोडत असे, याचे पुरेसे वर्णन तेथे नव्हते. (पुढे काही वर्णने भरली गेली आणि असे घटक 'संक्रमणकालीन' विभागात हलविण्यात आले.) दुसरे उदाहरण अधिक रंजक आहे. एक्सेल १९०० हे लीप वर्ष मानते. ग्रेगरियन पंचांगानुसार ते लीप वर्ष नव्हते. लोटस १-२-३ या प्रतिस्पर्धी प्रणालीतील चूक एक्सेलने तिच्या फाइलींशी जुळवून घेण्यासाठी जाणूनबुजून उचलली, आणि जी २९ फेब्रुवारी १९०० कधी उगवलीच नाही, ती तारीख अखेर आंतरराष्ट्रीय मानकात स्थानापन्न झाली. लेखनिकाचा प्रमाद पुढील सर्व प्रतींत उतरावा आणि शेवटी तोच शुद्ध पाठ ठरावा, असाच हा प्रकार.

ओडीएफची बाजू निर्दोष होती असे नाही. त्याच्या पहिल्या आवृत्तीत कोष्टकातील सूत्रे कशी लिहावीत याची निश्चित व्याख्याच नव्हती. ती २०११ च्या १.२ आवृत्तीत आली. ज्या मानकात बेरजेचे सूत्र संदिग्ध राहते, त्याच्या पुरस्कर्त्यांनी थोडी नम्रता दाखवायला हवी होती.

खुलेपणाच्या वादातील मुख्य गोष्ट मात्र पृष्ठांच्या संख्येत नाही. मे २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या अधिकाऱ्यांनी जाहीर केले की मुक्त सॉफ्टवेअर आपल्या २३५ पेटंटांचे उल्लंघन करते, पैकी ४५ एकट्या ओपनऑफिसच्या खात्यावर होती. कोणती पेटंटे, हे सांगितले गेले नाही. त्याच्या आठ महिने आधी, सप्टेंबर २००६ मध्ये, त्याच कंपनीने ठरावीक तांत्रिक वर्णनांपुरते पेटंटचे दावे न लावण्याचे वचन प्रसिद्ध केले होते, आणि ओओएक्सएमएल त्या वचनाच्या कक्षेत होते. म्हणजे एका हाताने वचन आणि दुसऱ्या हाताने धाक. हे वचन कंपनीच्या स्वतःच्या पेटंटांपुरतेच असू शकते, हे आयफोरआयने दाखवून दिले. मानकात वापरकर्त्याच्या खुणांचे घटक वर्णिलेले आहेत. मानकाच्या जनकानेच ते आपल्या प्रणालीतून वगळले. छापलेले मानक एक सांगते आणि जगभर चालणारी प्रणाली दुसरे करते, तेव्हा प्रमाण कोणाला मानायचे?

आपल्याकडील परिस्थिती

मराठी लेखकाला या प्रश्नाचा अनुभव पेटंटशिवायही आला आहे. माझा एम.फिल.चा लघुप्रबंध एका टंकलेखन केंद्रात युनिकोडपूर्व पद्धतीच्या फॉन्टमध्ये तयार झाला. आज ती फाइल उघडते, मात्र पडद्यावर रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे यांची गर्दी दिसते. देवनागरी १९९१ पासून युनिकोडमध्ये आहे. तरीही आपल्याकडील फॉन्ट-निर्माते दीर्घकाळ आपापली अक्षरमांडणी वापरत राहिले आणि एकाची मांडणी दुसऱ्याला वाचता येईना. तेव्हा डॉक्स की ओडीएफ हा प्रश्न आपल्याकडे येण्यापूर्वीच आपले 'क' आणि 'ख' खासगी झाले होते. अनेक महाविद्यालयांच्या चर्चासत्रांतील निबंध आज याच अवस्थेत आहेत.

धोरणाच्या पातळीवर भारत सरकारने नोव्हेंबर २०१० मध्ये ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण जाहीर केले आणि मानकातील आवश्यक पेटंटे स्वामित्वशुल्काविना उपलब्ध असावीत अशी अट घातली. ही अट स्वागतार्ह आहे. परंतु ती मानक तयार करणाऱ्यांना बांधते. आयफोरआयसारख्या बाहेरच्या पेटंटधारकाला नाही. त्याच्यापुढे अडसर असलाच तर तो पेटंट कायद्याच्या कलम ३(क) चा. त्यानुसार संगणकीय आज्ञावली 'केवळ त्या स्वरूपात' पेटंटपात्र नाही. डिसेंबर २००४ च्या अध्यादेशाने हे कलम सैल करण्याचा प्रयत्न केला होता. २००५ च्या दुरुस्ती कायद्यात संसदेने तो वगळला. मात्र २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनी नव्या यंत्रसामग्रीची अट काढून टाकली आणि डिसेंबर २०१९ मध्ये फरीद अल्लानी प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने 'तांत्रिक परिणाम' दाखविणारा शोध केवळ आज्ञावलीवर आधारलेला आहे म्हणून नाकारता येणार नाही, अशी दिशा दिली. खुणांची यादी मजकुरापासून वेगळी ठेवल्याने संगणकाचे काम सुकर होते, हा तांत्रिक परिणाम आहे की संपादनाची जुनीच रीत? हा अर्ज आज भारतात आला असता तर तो मंजूर होण्याची शक्यता २००५ पेक्षा अधिक आहे, असे मला वाटते. आणि त्या सुनावणीतही फाइल लिहिणाऱ्याला कोणी बोलावले नसते.