रमाबाईंची अमेरिका

परदेशप्रवासाचे पुस्तक म्हटले की बोट, बर्फ आणि फजित्या ठरलेल्याच. पंडिता रमाबाईंचे ‘यूनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ (१८८९) या मळलेल्या वाटेने जात नाही. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी १८८६ साली त्या फिलाडेल्फियास गेल्या, आणि १८८८ पर्यंत अमेरिकेत राहिल्या. राहिल्या म्हणूनच तेथील शाळा आणि स्त्रियांच्या संस्था त्यांना आतून दिसल्या. कृष्णवर्णीयांच्या व मूळ रहिवाशांच्या वाट्याला येणारा अन्यायही दिसला. कौतुकाचा सूर कोठे कोठे चढा लागतो, हे खरे. पण त्या कौतुकामागे घरच्या बायकांची काळजी आहे. आमच्या खराडीतून परदेशी निघालेल्या मुलामुलींनी फराळाच्या डब्याशेजारी हे पुस्तक अवश्य ठेवावे.