‘मुसाफिर’ : वाडी आणि कचेरी

व्यवसायांत यश मिळविलेल्या पुरुषाचें चरित्र उघडतांना आमचें मन थोडें साशंकच असतें. पहिल्या प्रकरणांत दारिद्र्य, दुसऱ्यांत चिकाटी आणि पुढील सर्व प्रकरणांत वैभव, हा क्रम आतां वाचकांस पाठ झाला आहे. श्री. अच्युत गोडबोले यांच्या ‘मुसाफिर’ या आत्मचरित्रानें ही शंका पुष्कळ अंशीं दूर केली, हें प्रथमच सांगितलें पाहिजे.

सोलापूरचें बालपण, पवईच्या आय. आय. टी. मधील रसायन-अभियांत्रिकी, शहाद्याच्या भिल्लांची चळवळ व तींत भोगलेला तुरुंगवास, आणि त्यानंतर पटणी, सिंटेल, एल. ॲण्ड टी. इन्फोटेक अशा संगणक-कंपन्यांतील वरिष्ठ पदें, एवढा पल्ला एका आयुष्यांत सामावला आहे.

या व्यवसायांतील चरित्र म्हटलें कीं वॉल्टर आयझॅक्सन यांनीं लिहिलेलें स्टीव्ह जॉब्स यांचें चरित्र आठवतें. जॉब्स ५ ऑक्टोबर २०११ रोजीं वारले व त्याच महिन्यांत तें बाहेर आलें. चरित्रकारास पाचारण जॉब्स यांनींच केलें होतें. पण लेखणी परक्याच्या हातीं राहिली. म्हणूनच १९७८ सालीं जन्मलेल्या पहिल्या मुलीचें पितृत्व ते प्रारंभीं नाकारीत होते, ही गोष्ट तेथें झांकली गेली नाहीं. आत्मचरित्रकारास ही सोय नसते. आरोपी तोच आणि न्यायाधीशही तोच. गोडबोले यांनीं आपल्या मुलाच्या स्वमग्नतेविषयीं लिहिलें आहे, तेथें ते या कसोटीस पूर्ण उतरतात. पुस्तकांतील हीं पानें आम्हांस सर्वांत मोलाचीं वाटलीं; तेथें पद, पगार, परदेश सारें गळून पडतें.

आमची तक्रार आहे ती शहाद्याविषयीं, आणि तींत आमच्या मुलुखाचाही अंश आहे. आम्ही राहतों कर्जतेस. शेजारच्या खालापुरांतून मुंबई-पुणें द्रुतगतिमार्ग जातो. संगणक-कंपन्यांचे कितीतरी अधिकारी त्या वाटेनें हिंजवडीस जातात. त्याच मार्गावरून इर्शाळगड दिसतो. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं गडाखालची ठाकरांची इर्शाळवाडी दरडीनें गाडली, तेव्हां मदतीस धांवलेल्यांना डोंगर पायीं चढावा लागला. वाडीस गाडीरस्ताच नव्हता. मोटारींतून गड पाहणारे आमच्याकडे रोज जातात. वाडीच्या माणसांत राहून, त्यांच्यासाठीं तुरुंगांत जाऊन, मग कंपनीच्या मुख्याच्या खुर्चीवर बसलेला मनुष्य मात्र विरळा. त्याला आम्ही विचारूं इच्छितों कीं, खुर्चीवरून वाडी कशी दिसते?

‘मुसाफिर’ मध्यें शहादें आहे, आणि कचेरीही आहे. दोन्हींचीं वर्णनें जिवंत आहेत. लेखकानें आपली पहिली निष्ठा कोठें नाकारलेली नाहीं, कीं तिचें भांडवलही केलेलें नाहीं. परंतु एकीकडून दुसरीकडे जातांना मनाची जी ओढाताण झाली असेल, तिच्यापाशीं लेखक आम्हांस हवा तितका थांबत नाहीं. भेटलेलीं माणसें, वाचलेले ग्रंथ, ऐकलेले गवई यांची गर्दी त्याला पुढें ओढून नेते. ‘मुसाफिर’ या नांवास हें शोभतें खरें. पण मुक्काम एकच वाढवावयाचा असता, तर आम्ही हाच वाढवा म्हटलें असतें.

भाषा बोलकी आहे. इंग्रजी शब्द मुबलक आहेत. आमच्या वयाच्या वाचकास ते खटकतात, तरुणांस खटकत नसावेत. आमची प्रत गाडींतल्या एका तरुणानें मागून नेली, ती अद्याप परत आलेली नाहीं.