आठ पदरांचं आसन

भिवंडीतल्या एका घरी देवासमोर अंथरलेलं हे आसन क्रोशाच्या सुईवर विणलेलं आहे; गोल, मांडी घालून बसता येईल एवढं. सूत सगळं साठवणीतलं. मागावर धोट्यातली कांडी बदलताना तिच्यावर थोडं सूत उरतंच, त्यात तळाशी गुंडाळी राहिलेल्या सुताच्या कोनांची भर.

हे सूत इतकं बारीक की विणणारीने आठ पदर एकत्र घेतले आहेत, आणि आसनाची सगळी खुमारी त्या आठ पदरांत आहे. भिवंडीत बहुतेक मागांवर कोरं कापड निघतं, रंगाई नंतर दुसरीकडे होते. त्यामुळे साठ्यात पांढरट सूत भरपूर, रंगीत मोजकंच. म्हणून तिने निळ्याचा पट्टा एकदम आणलेला नाही. आधी सात पदर कोरे, एक निळा. पुढच्या फेरीत दोन निळे, मग तीन. निळा असा चढत जातो की तो कुठे सुरू झाला ते बोट ठेवून सांगता येत नाही. उतरतानाही एकेका पदरानेच उतरतो. थोडक्या रंगाला एवढा ऐसपैस वाव देणं मला फार मोठं वाटतं.

गोधडीला जुन्या लुगड्याचे काठ, ठिपके आयते मिळतात. उरलेल्या सुताला स्वतःची नक्षी नसते. सगळी रचना विणणारीलाच करावी लागते.

वीण मुक्या खांबांची, म्हणजे क्रोशाच्या आखूड टाक्यांची. फेरीगणिक सहा खांब वाढवले की गोल सपाट बसतो. कमी पडले तर वाटी होते, जास्त झाले तर झालर. इथे तर सूतही कमीजास्त जाडीचं. एका फेरीत पदर मोजले तर सातच भरतात, कारण तिथलं सूत जाड आहे. तरी आसन कुठेही उचललेलं नाही.

खटकते ती कड. चकचकीत गुलाबी पॉलिएस्टरची. आतल्या शांत निळ्याशी तिचं जमत नाही, शिवाय गुळगुळीत धाग्याच्या गाठी सुटू लागल्या आहेत. कोऱ्या सुताची कड हवी होती.

आता बिनधोट्याच्या मागांवर बाणा, म्हणजे आडवा धागा, थेट कोनावरून जातो, कांडी लागतच नाही; मग कांडीवर सूत उरणार कुठून? तेव्हा घरात जुनं सूत असेल तर टाकू नका. आधी ताणून बघा. दमटपणाने कुजलेलं तटकन तुटतं. ताण्याचं, म्हणजे उभ्या धाग्याचं, असेल तर खळ धुऊन काढा, आणि रंग एकेका पदराने बदला.