उंच गड्यावाचून

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियममध्ये पायऱ्यांवर बसून फुटबॉल पाहिलेली माणसे खेळाची समीक्षा कागदावर करीत नाहीत. ती तोंडाने करतात, आणि पलीकडच्या टोकाच्या गोलकीपरलाही ती ऐकू जावी असा तिथला दंडक आहे. माझे मामा त्याच परंपरेतले. तालमीच्या संघातला एखादा चपळ पोरगा बगलेवरून दोघांना हुलकावणी देऊन पार कोपऱ्यापर्यंत जाई, चेंडू मध्ये घाली, आणि तिथे आपला कुणी नसे. किंवा असे तो समोरच्या बॅकच्या खांद्याला लागणारा. मग मामा कपाळावर हात मारून ओरडत, "अरं, मधी एक उंच गडी घाला की रं! मांडव घातलाय, वाजंत्री आल्यात, आणि नवरदेवाचा पत्त्या न्हाई!"

मामांचे हे म्हणणे मी कित्येक वर्षे खरेच मानत होतो. आजही निम्म्याहून अधिक प्रेक्षक तेच मानतात, आणि संघ निवडणारी शहाणी मंडळीही त्यातलीच. बगलेवर वेगवान विंगर असतील तर त्यांनी चेंडू उंच टाकायचा, तो ज्याच्या डोक्यावर टाकायचा असा ताडमाड सेंटर फॉरवर्ड मध्ये उभा हवा. तो नसेल तर विंगरांची सारी धावपळ वाया, असा हा हिशेब. या हिशेबात काय चुकते ते मला नीट मांडायचे आहे. मामा आता थकले आहेत, तेव्हा मला मध्येच अडवायला ते येणार नाहीत, हाही एक फायदा.

पहिली गोष्ट अशी की, उंचावरून येणारा चेंडू बचाव करणाऱ्याला सोयीचा असतो. तो चेंडूकडे तोंड करून उभा असतो, पुढे येऊन डोके मारतो. चेंडू कुठेही गेला तरी त्याचे काम झाले. हल्ला करणाऱ्याला मात्र तो तीन खांबांच्या आतच घालावा लागतो. शिवाय समोर हात वापरण्याची मुभा असलेला एक माणूस आहेच. मध्ये उंच गडी उभा केला म्हणजे आपल्याला नवरदेव मिळतो हे खरे, पण समोरच्या स्टॉपरलाही त्या नवरदेवाचा कायमचा पत्ता मिळतो. मग तो दीड तास दुसरे काही करीत नाही, त्याच्या पाठीला चिकटून राहतो.

हा पत्ताच काढून घेतला तर काय होईल? २५ नोव्हेंबर १९५३ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर इंग्लंडला याचे उत्तर मिळाले. हंगेरीच्या हिदेगकुटीच्या पाठीवर नऊ आकडा होता, म्हणजे रिवाजाप्रमाणे तो सेंटर फॉरवर्ड. इंग्लंडचा सेंटर हाफ हॅरी जॉन्स्टन त्याच्यासाठी नेमलेला. पण हिदेगकुटी मध्ये थांबेचना. तो मागे सरकून जवळजवळ हाफांच्या रांगेत जाऊन खेळू लागला. जॉन्स्टन त्याच्या मागे गेला तर त्याची जागा उघडी पडे आणि तिथून पुश्काश नाही तर कोचिश आत शिरे. जागेवर थांबला तर हिदेगकुटीला चेंडू घेऊन वळायला हवा तेवढा अवकाश. जॉन्स्टनने काहीही केले तरी ते चूकच ठरायचे होते. बरे, मदतीला बगलेचे फुलबॅक यावेत, तर बाजूच्या रेघेकडे बुदाई आणि चिबोर यांनी त्यांना गुंतवून ठेवलेले. सहा विरुद्ध तीन असा निकाल लागला. त्यातले तीन गोल एकट्या हिदेगकुटीचे, आणि पहिला तर पहिल्याच मिनिटात. पुढच्या वर्षी बुडापेस्टला इंग्लंडने परतफेड करायची ठरवली, तर सात विरुद्ध एक.

इथे मामांच्या बाजूने एक गोष्ट कबूल करायला हवी. त्या हंगेरियन संघात कोचिश होता, आणि डोक्याने गोल करण्यात त्या काळी त्याचा हात धरणारा, म्हणजे डोके धरणारा म्हणू या, दुसरा नव्हता. १९५४च्या विश्वचषकात त्याने अकरा गोल केले. पण कोचिश काही ताडमाड नव्हता, आणि मुख्य म्हणजे तो मध्ये उभा नसे. तो मागून, इनसाइडच्या जागेवरून, चेंडूबरोबर येई.

या 'येण्या'त सारे रहस्य आहे. तबल्याची समेवर येण्याची गोष्ट वाचकांना सांगायला नको. समेवर आधीपासून ठाण मांडून बसलेल्याला कुणी दाद देत नाही. दाद मिळते ती फिरून, वळसा घेऊन, नेमक्या मात्रेला पोहोचणाऱ्याला. उभ्या माणसाची उडी आणि धावत आलेल्या माणसाची उडी यांत फरक असतो, आणि त्याहून मोठा फरक असा की धावत येणारा बॅकच्या नजरेत नसतो. बॅक चेंडू पाहतो आहे, माणूस पाठीमागून येतो आहे. दोन्ही एकदम पाहायला मान पुरत नाही.

पुरावा हवा असेल तर तीन गोल सांगतो. तिन्ही डोक्याने झालेले, तिन्ही बुटक्यांचे. २७ मे २००९ रोजी रोममध्ये युरोपच्या अजिंक्यपदाचा अंतिम सामना होता, बार्सिलोना विरुद्ध मँचेस्टर युनायटेड. सत्तराव्या मिनिटाला चावीने उजवीकडून चेंडू उचलून टाकला आणि जेमतेम पाच फूट सात इंचांच्या मेस्सीने रिओ फर्डिनांडसारख्या उंचापुऱ्या बॅकच्या मागे उडी घेऊन तो डोक्याने आत घातला. त्या गडबडीत त्याचा एक बूट पायातून निघाला. तो हातात धरूनच त्याने आनंद साजरा केला. दुसरा, १ जुलै २०१२, कीव्ह, स्पेन विरुद्ध इटली: फाब्रेगासने गोलरेषेपर्यंत जाऊन चेंडू मागे वळवला आणि मेस्सीच्याच चणीचा दाविद सिल्वा धावत येऊन त्याला डोके लावून गेला. तिसरा, १३ मार्च २०१९, म्युनिक: लिव्हरपूलच्या सलाहने डाव्या पायाच्या बाहेरच्या अंगाने चेंडू वळवला आणि पलीकडच्या बगलेचा माने तिथे हजर. एका विंगरने टाकावे आणि दुसऱ्या विंगरने डोके मारावे, आणि मधला खांब म्हणून कुणी नसावाच. नवरदेव मांडवात बसलेला नव्हता. ऐन मुहूर्ताला मागच्या दाराने आला.

रोमच्या आधी पंचवीस दिवस, २ मे २००९ला, बार्सिलोनाने रेआल माद्रिदच्या घरी जाऊन सहा विरुद्ध दोन असा विजय मिळवला होता. त्या दिवशी ग्वार्दिओलाने नेहमीच्या सेंटर फॉरवर्डला, एतोला, उजव्या बगलेवर धाडले आणि मेस्सीला मध्ये आणले. मध्ये म्हणजे नावापुरते, कारण तोही हिदेगकुटीप्रमाणे मागे सरकला. माद्रिदच्या कान्नावारो आणि मेत्सेल्डर या दोन स्टॉपरांची अवस्था जॉन्स्टनसारखी झाली, आणि ते चुळबुळत पुढे आले की डावीकडून हेन्री त्यांच्या मागे पळे. हेन्रीचे दोन, मेस्सीचे दोन. हेन्री चांगला सहा फुटांवर उंच होता, हे मी लपवीत नाही. पण तो बगलेवर होता, आणि त्या दिवशी त्याची उंची नव्हे, त्याचे पाय उपयोगी पडले.

मात्र मधली जागा नुसती रिकामी ठेवून भागत नाही, हे आपल्याकडचे हौशी पंडित विसरतात. रिकाम्या जागेत धावणारा हवा. २०१२च्या स्पेनचेच पाहा. फाब्रेगासला नावाचा सेंटर फॉरवर्ड केले आणि आजूबाजूला सगळे हाफच भरले. चेंडू तासन्‌तास त्यांच्याच पायाशी. पण पुढे पळणारा कुणी नाही. ते जिंकले, अंतिम सामना चार शून्य असा थाटात जिंकले, तरी त्या स्पर्धेतले त्यांचे काही सामने पाहताना मला जांभया आवरत नव्हत्या. बारीक रांगोळी घातली जात होती, पाहुणे मात्र दाराशी यायचे नाव नाही. अंतिम सामन्यात रंग भरला तो डाव्या बॅकच्या जागेवरून जोर्दी आल्बा सुसाट पळत पुढे येऊन दुसरा गोल करून गेला तेव्हा. म्हणजे विंगर नव्हता म्हणून बॅकने विंगरचे काम केले.

माझ्या मते ही रचना सर्वांत पक्की झाली ती लिव्हरपूलमध्ये, २०१७ नंतरच्या तीन वर्षांत. मध्ये फिर्मिनो, उजवीकडे डावखोरा सलाह, डावीकडे उजव्या पायाचा माने. विंगरांचे पाय उलटे असल्यामुळे ते रेघेला धरून न जाता तिरके आत घुसत, आणि त्यांनी सोडलेल्या बगलेवरून बॅक पुढे जात. २०१८-१९च्या इंग्लिश लीगमध्ये अलेक्झांडर-आर्नल्डने बारा आणि रॉबर्टसनने अकरा गोलांसाठी चेंडू पुरवले; दोघेही फुलबॅक! सलाह आणि माने यांनी प्रत्येकी बावीस गोल केले. फिर्मिनोच्या नावावर त्याहून पुष्कळ कमी. तो मागे यायचा, स्टॉपरला ओढायचा, चेंडू गेला की तो परत हिसकावायला पहिला धावायचा. संगतीला बसलेल्या पेटीवाल्याचे नाव फलकावर बारीक अक्षरात असते, पण तो उठून गेला की मैफल कळते.

आता दुसरी बाजू. समोरचा संघ पुढे येईचना, नऊजण गोलापुढे भिंत करून बसले, तर वेगवान विंगरांनी पळायचे कुठे? एप्रिल २०१२मध्ये चेल्सीने बार्सिलोनाला असेच रडवले. दुसऱ्या सामन्यात तर त्यांचा कर्णधार टेरी बाहेर काढला गेला होता, दहाच गडी उरले होते, मेस्सीची पेनल्टी आडव्या दांडीवर आदळली, आणि दोन-दोन अशी बरोबरी करून चेल्सी पुढे गेले. अशा दिवशी मामांचा आवाज माझ्याही कानात घुमतो. शिवाय गोलकीपरने लांब लाथाडलेला चेंडू छातीवर झेलून धरणारा कुणी लागतो, आणि समोरच्यांच्या कॉर्नरला डोके मारायलाही.

यावर चांगल्या संघांनी काढलेला तोडगा मला आवडतो: उंच माणूस पुढे ठेवायचा नाही, मागून आणायचा. म्युनिकच्या त्याच सामन्यात मानेच्या आधी लिव्हरपूलचा दुसरा गोल कॉर्नरवरून व्हॅन डाइक या स्टॉपरने डोक्याने केला होता. आणि हे काही फक्त विलायतेत घडते असे नाही. १९६२च्या जकार्ता एशियाडमध्ये आपल्या संघाजवळ उजव्या बगलेला पी. के. बॅनर्जीसारखा भन्नाट विंगर होता, चुनी गोस्वामी आणि बलराम होते. तरी प्रशिक्षक रहीम यांनी उपान्त्य आणि अंतिम सामन्यात जर्नेलसिंग या धिप्पाड स्टॉपरला सेंटर फॉरवर्ड केले. तेही आधीच्या सामन्यात त्याच्या डोक्याला जखम होऊन टाके पडलेले असताना. दोन्ही सामन्यांत त्याने गोल केला. अंतिम सामन्यात कोरियाविरुद्ध पहिला गोल पी. के.चा, दुसरा जर्नेलचा, आणि सुवर्णपदक आपले. 'मैदान' हा हिंदी चित्रपट २०२४ साली आला तेव्हा घरच्या मुलांना ही कथा कळली. मामा असते शेजारी तर म्हणाले असते, "बघ, शेवटी घातलाच की न्हाई उंच गडी!" घातला, पण रोजचा भात म्हणून नव्हे, सणाचे पक्वान्न म्हणून.

माझा खरा राग आहे तो रोजचा भात ठरवणाऱ्यांवर. मामांचाच धाकटा नातू डाव्या बगलेवर खेळतो. चौदा वर्षांचा, अंगाने किरकोळ. चेंडू पायाला बांधल्यासारखा. एका निवड चाचणीत त्याला चेंडूला पाय लावू देण्याआधी भिंतीला उभे करून मापले आणि सांगितले, "दोन इंच वाढून ये." ज्या देशाचा सर्वाधिक गोल करणारा सुनील छेत्री पाच फूट सात इंचांचा आहे, आणि त्याने त्या नव्वदहून अधिक गोलांतले किती तरी डोक्याने केले आहेत, त्या देशात ही मोजपट्टी! १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणाऱ्या नेव्हिल डिसूझाला, मूळच्या गोव्याच्या आणि मुंबईत नाव काढलेल्या त्या खेळाडूला, निवडताना कुणी आधी टेप काढली होती काय?

हे सारे मी गणपतीत मामांना सांगितले आणि म्युनिकचा तो मानेचा गोल फोनवर दाखवला. त्यांनी तो चष्मा पुसून तीनदा पाहिला. मग ७ मे २०१९चा सामना दाखवला: सलाह आणि फिर्मिनो दोघेही जखमी, आणि त्यांच्या गैरहजेरीत मध्ये खेळलेल्या, चांगल्या उंच ओरिगीने बार्सिलोनाविरुद्ध दोन गोल केलेले. मामा उठूनच बसले. "ह्यो बघ! ह्यो उंच हाय!"

"मामा, दोन्ही गोल पायानं केलेत त्यानं."

मामांनी पुन्हा पाहिले. मग नातवाला हाक मारली, त्याला दाराच्या चौकटीशी उभे केले, जुन्या पेन्सिलीच्या खुणेशी डोके ताडून पाहिले, आणि म्हणाले, "जा, बूट घाल. उजेड हाय तवर परड्यात जरा क्रॉस मारू."